शहामृग पालन: सारखे सारखे येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

मी मूळचा फलटणचा, गेली अकरा वर्षं साऊथ आफ्रिकेत जॉर्ज नावाच्या गावात आहे. धंदा जनावरांच्या खाद्याचा, त्यामुळे औटेनिक्वा घाट चढून पलीकडे औट्सहोर्नला आठवड्यातून एकदा तरी जाणं होतंच, आणि औट्सहोर्न म्हणजे शहामृगांची पंढरी. गावाकडच्या ग्रुपवर एकदा फार्मवरचा फोटो टाकला आणि तेव्हापासून जे प्रश्न सुरू झालेत ते काही थांबत नाहीत. प्रत्येकाला वेगळं व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, शेतकरीही नाही, पण शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसून कॉफी भरपूर प्यायलोय.

१. शहामृग म्हणजे इमूच ना? आमच्या गावात होते की मागे.

नाही हो. तुमच्या गावात होता तो इमू, ऑस्ट्रेलियाचा. शहामृग आफ्रिकेचा. पायाकडे बघितलं की लगेच कळतं, इमूला तीन बोटं आणि शहामृगाला दोनच, दोन बोटांवर चालणारा पक्षी जगात दुसरा नाही. इमू भरून भरून ४०-४५ किलो, शहामृगाचा नर १०० ते १५० किलो, आणि मान ताठ केली की आठ-नऊ फूट. इमूचं अंडं गडद हिरवं, ह्याचं सायीच्या रंगाचं. शहामृगात नर काळाभोर आणि पंखाची टोकं पांढरी, मादी मातकट. इमूचं आपल्याकडे काय झालं ते प्रश्न १९ मध्ये.

२. नावात मृग का? हरणाशी काही नातं?

काही नाही. फारसीत शुतुरमुर्ग, शुतुर म्हणजे उंट आणि मुर्ग म्हणजे पक्षी. आपल्याकडे येता येता उंटाचा शहा झाला आणि मुर्गाचा मृग. शास्त्रीय नावातही स्ट्रुथिओ कॅमेलस असा उंट आहेच, आणि लांब पापण्या, लांब मान, तो तोरा बघितला की पटतं.

३. वाळूत डोकं खुपसतो ते खरं का?

खोटं. अकरा वर्षांत एकदाही बघितलं नाही. घरटं म्हणजे जमिनीत उकरलेला खड्डा, त्यातली अंडी चोचीने फिरवायला नर किंवा मादी मान खाली घालते, लांबून बघणाऱ्याला डोकं गायब झाल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे धोका वाटला की कधी कधी मान जमिनीला लावून सपाट पडून राहतो. रोमन लेखक प्लिनीने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं की हा झुडपात डोकं घालतो आणि आपण लपलो असं समजतो, तिथून ही गोष्ट पसरली. आपल्याकडे अग्रलेखात दर आठवड्याला कुणी ना कुणी 'शहामृगी वृत्ती' काढतंच, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

४. जगात एवढ्या जागा असताना औट्सहोर्नच का?

औट्सहोर्न आहे लिटल कारू भागात, एका बाजूला स्वार्टबर्ग डोंगर, दुसऱ्या बाजूला औटेनिक्वा. पाऊस कमी, हवा कोरडी, म्हणजे आपल्या माण-खटावसारखंच समजा. शहामृगाला दमट हवा मानवत नाही, कोरडी मानवते. पण नुसत्या कोरड्या हवेने पोट भरत नाही, तिथे नदीच्या पाण्यावर लसूणघास जोरदार येते, जमिनीत चुना आहे, आणि लसूणघासीला चुन्याची जमीन आवडते. फलटणला गाईगुरांसाठी आपण लावतो तीच लसूणघास. १८६३ च्या सुमारास कारूमधल्या शेतकऱ्यांनी पक्षी कुंपणात पाळायला सुरुवात केली, त्याआधी पिसांसाठी रानातले पक्षी मारायचे. १८६९ मध्ये आर्थर डग्लस नावाच्या शेतकऱ्याने शहामृगाच्या अंड्यांसाठी उबवणी यंत्र केलं आणि मग धंदा सुसाट सुटला. मला विचाराल तर लसूणघास आणि ते यंत्र नसतं तर हे गाव नकाशावर शोधावं लागलं असतं.

५. पिसांवर महाल बांधले म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे, अजून उभे आहेत. युरोप-अमेरिकेत बायकांच्या हॅटवर शहामृगाचं पीस ही फॅशन होती आणि लंडनच्या मिन्सिंग लेनमध्ये पिसांचे लिलाव व्हायचे. १९१३ मध्ये साऊथ आफ्रिकेच्या निर्यातीत सोनं, हिरे, लोकर आणि चौथ्या नंबरवर पिसं! तेव्हा पाळलेले पक्षी साडेसात लाखांच्या वर होते. दगडी भिंती, घुमट, रंगीत काचा असले बंगले शेतकऱ्यांनी बांधले, त्यांना अजून पिसांचे महाल म्हणतात. पिसांचा व्यापार बऱ्यापैकी लिथुआनियाहून आलेल्या ज्यू लोकांच्या हातात होता, एवढे की गावाला छोटं जेरुसलेम म्हणायचे. गावातल्या सी. पी. नेल म्युझियममध्ये हे सगळं बघायला मिळतं, पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेतो आणि मग पक्ष्यांकडे.

६. मग बुडालं कसं?

एका हंगामात. १९१४ ला महायुद्ध लागलं, लिलाव बसले, नटण्यामुरडण्याचे दिवस संपले. त्यात मोटारी आल्या, उघड्या मोटारीत पिसांची मोठी हॅट टिकते कशाला. आणि मुळात पक्षीच जास्त झाले होते, ज्याच्याकडे दोन एकर लसूणघास तो शहामृगवाला झाला होता. १९३० पर्यंत एक दशांशसुद्धा पक्षी उरले नाहीत.

ह्यातली एक गोष्ट मला फार आवडते, आवडते म्हणजे वाईट वाटतं. १९११ ला सरकारने रसेल थॉर्नटन नावाच्या अधिकाऱ्याला गुपचूप पार नायजेरियाच्या बाजूला पाठवलं, कारण उत्तर आफ्रिकेतल्या बार्बरी शहामृगाचं पीस दुप्पट दाट असतं अशी खबर होती. पठ्ठ्याने १३० च्या आसपास पक्षी वाळवंटातून चालवत, जहाजात घालून आणले, इकडे त्यांची पैदास सुरू झाली आणि तेवढ्यात बाजारच संपला. आणि दुसऱ्या बाजूला १९०७ पासून केपमधून जिवंत पक्षी आणि अंडी बाहेर न्यायला कायद्याने बंदी, दुसऱ्या कुणी धंदा काढू नये म्हणून! सगळ्या बाजूंनी दारं लावली, आणि घर आतूनच पेटलं.

७. आज मग पैसा कशात आहे?

चामडं आणि मांस हे दोन मोठे, पिसं तिसरी, अंड्यांची टरफलं आणि टुरिस्ट हे वरखर्चाला. ह्यातलं कोण पुढे ते वर्षावर अवलंबून, मांसाची निर्यात बंद पडली की चामडं तारतं (प्रश्न १७), चामड्याची मागणी घसरली की उलटं. १९४५ ला शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, साठच्या दशकात तिचा कत्तलखाना आणि सत्तरच्या सुमारास चामडं कमवायचा कारखाना आला, तिथून हा पक्षी पिसांचा न राहता अख्खा विकला जायला लागला. १९९३ पर्यंत सगळा माल एकाच संस्थेमार्फत जायचा, नंतर मोकळा झाला. आपल्या साखर कारखान्यांच्या भागातल्या माणसाला ही कहाणी समजावून सांगावी लागत नाही.

८. पिसं आता कोण घेतं? आणि उपटताना पक्ष्याला दुखत नाही का?

ब्राझीलमधल्या कार्निव्हलचे कपडे, नाचगाण्याचे शो, फॅशनवाले, आणि घरातली धूळ झटकायचे झाडू. एक गिऱ्हाईक मात्र ऐकून खरं वाटणार नाही, मोटारीचे कारखाने. रंग मारायच्या आधी पत्र्यावरची बारीक धूळ काढायला शहामृगाच्या पिसांचे फिरते रोलर वापरतात, कारण पीस मऊ, आणि स्थिर विजेमुळे धूळ धरून ठेवतं.

दुखण्याचं म्हणाल तर, पंखातली मोठी पांढरी पिसं उपटत नाहीत, कापतात. वाढणाऱ्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते वाळून देठ वरच्या भागात पांढरा झाला की तिथून कात्री, म्हणजे नख कापल्यासारखं. उरलेले खुंट दोनेक महिन्यांनी पिकले की ओढून काढतात. घाई करून कच्चं उपटलं तर दुखतं आणि रक्तही येतं, आणि असं करणारे आहेत, खोटं कशाला बोलू. प्राणिहक्कवाले जिवंत पक्ष्याची पिसं काढण्याच्याच विरोधात आहेत. आता बराचसा माल कत्तलीनंतरच काढला जातो.

९. त्या महागड्या पर्सवर फोडांसारखे ठिपके असतात ते काय?

पिसांची मुळं. पीस काढल्यावर कातडीत जो उंचवटा राहतो तो. पाठीवरच्या साधारण एक तृतीयांश भागावरच हे ठिपके भरपूर असतात, त्याला क्राऊन म्हणतात आणि भाव त्याचाच. बाकी कातडी गुळगुळीत, ती स्वस्तात जाते. पायाच्या नळीची कातडी वेगळी, सापा-सरड्यासारखी खवल्यांची, तिचे घड्याळाचे पट्टे छान होतात. एका पक्ष्याची कातडी साधारण १४ चौरस फूट. अमेरिकेत टेक्सासकडे ह्याचे काऊबॉय बूट म्हणजे प्रतिष्ठेची गोष्ट.

गंमत अशी की हे ठिपके नीट भरायला पक्षी १२-१४ महिन्यांचा व्हावा लागतो, आणि मांसाच्या हिशोबाने तो त्याआधीच कापलेला बरा, कारण शेवटचे दोन-तीन महिने खातो खूप आणि वाढतो थोडा. त्यात जितके दिवस जास्त ठेवाल तितके कातडीवर ओरखडे, एकाने दुसऱ्याला नख मारलं, कुणी तारेला घासलं, की ग्रेड खाली. खाद्यवाला म्हणून माझा फायदा उशिरा कापण्यात आहे, तरी मी हे सांगतोय ह्याची नोंद घ्यावी!

१०. मांस चिकनसारखं लागतं का?

अजिबात नाही. लाल असतं, डोळे मिटून खाल्लं तर बिनचरबीचं बीफ म्हणाल. पक्षी उडत नाही त्यामुळे छातीला मांसच नाही, छातीचं हाड सपाट, चिकनच्या ब्रेस्ट पीसची आशा सोडा. सगळं मांडीचं आणि पाठीच्या मागच्या बाजूचं. ९०-९५ किलोच्या पक्ष्याचं हाडाविना साधारण ३० किलो मांस निघतं. इकडचे लोक स्टेक करतात किंवा बिलटाँग, म्हणजे मसाला लावून वाळवलेल्या पट्ट्या.

मी पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा आपल्या सुक्या मटणासारखं केलं, वाटण परतलं, मांस टाकलं, कुकरला पाच शिट्ट्या. उघडून बघतो तर चपलेचा तळवा. चरबी जवळजवळ नसते ना, जास्त शिजवलं की आक्रसतं आणि चव काळजासारखी होते. आता मी वाटण-रस्सा आधी पूर्ण करून घेतो, पातळ काप वेगळ्या तव्यावर दीड-दोन मिनिटं भाजतो आणि ताटात घेताना एकत्र करतो. बायको म्हणते ह्याला रस्सा म्हणू नका, पण खाते.

११. ह्यात कोलेस्टेरॉल नसतं, हार्टवाल्यांनी बिनधास्त खावं, असं फॉरवर्ड आलंय.

चरबी कमी असते हे बरोबर. कोलेस्टेरॉल नसतं हे चूक, ते चिकन-बीफच्या आसपासच असतं. कुठल्याही मांसात ते असणारच. हार्टवाल्यांनी डॉक्टरांना विचारा, फॉरवर्डला नको.

१२. एक अंडं किती माणसांना पुरतं? फोडता कसं?

दीड किलोच्या आसपासचं अंडं, म्हणजे कोंबडीची २४ धरा. दहा-बारा माणसांची भुर्जी आरामात. टरफल जवळजवळ दोन मिलिमीटर जाड, अंड्यावर मोठा माणूस उभा राहिला तरी फुटत नाही, फार्मवर टुरिस्टांना हे करून दाखवतात. चमच्याने टकटक करून काही होत नसतं. घरी आम्ही जाड टॉवेलची चुंबळ करून त्यात अंडं उभं ठेवतो, बारीक बिटाची ड्रिल मशीन लावतो (भिंतीला भोक पाडायची तीच, धुऊन), पांढरी भुकटी उडते आणि एकदम फुस्स करून मशीन आत जाते. मग सुई आत घालून पिवळं फोडायचं आणि पातेल्यात ओतत राहायचं, ओतत राहायचं, संपतच नाही. पहिल्या वेळी सहा कांदे चिरले होते ते कमी पडले. अख्खं उकडायचं तर दीड तास धरा. चव कोंबडीच्या अंड्यासारखीच, थोडी उग्र. टरफल टाकू नका, धुऊन वाळवलं की दिवा करता येतो.

१३. मादी वर्षाला किती अंडी देते? ती स्वतः बसते का?

फार्मवरची चांगली मादी हंगामात ४० ते ६० अंडी देते, एक दिवसाआड एक, बहुतेक संध्याकाळच्या आत. इकडे हंगाम जूनच्या सुमारास सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. मादी दोन वर्षांत वयात येते, नर थोडा उशिरा. रानात दिवसा मातकट मादी बसते आणि रात्री काळा नर, दोघंही त्या त्या वेळी नजरेत येत नाहीत. फार्मवर बसू देत नाहीत, अंडं उचललं की मादी पुढचं घालते. मशीनमध्ये ३६ अंशांच्या थोडं वर तापमान, हवा मुद्दाम कोरडी, आणि ४२ दिवस. ह्या काळात अंड्याचं वजन १३-१५ टक्के घटलं पाहिजे, कमी घटलं तर पिल्लू आत सुजतं. म्हणूनच कोकणात कुणी मशीन लावायचं म्हणाला तर मी हात जोडतो.

१४. युट्यूबवर बघितलं, एक मादी ५० अंडी म्हणजे वर्षाला ५० पिल्लं, ५० पक्षी. हिशोब बरोबर आहे ना?

कागदावर बरोबर. आता खाली या. सगळी अंडी फळत नाहीत, फळलेली सगळी उबत नाहीत, आणि उबलेल्या पिल्लांतली पहिल्या तीन महिन्यांत तीस-चाळीस टक्के मरणं हे चांगल्या चांगल्या फार्मांवर झालेलं मी बघितलंय. पिल्लाला गारठा सोसत नाही, ओलावा सोसत नाही, एकटेपणासुद्धा सोसत नाही. बाहेर सोडलं की दिसेल ते गिळतं, लांब गवत, सुतळी, वाळू, आणि पोट गच्च होऊन मरतं. जास्त प्रोटीनचं खाद्य देऊन घाई केली की वजन पायांच्या पुढे धावतं आणि पाय वाकडे होतात, वाकड्या पायाचा शहामृग उभाच राहू शकत नाही, मग संपलं. एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे थंडीच्या रात्री हीटर बंद पडला, सकाळी कोपऱ्यात पिल्लांचा ढीग, खालची सगळी गुदमरलेली. तो माणूस माझ्याशी खाद्याच्या बिलाबद्दल बोलत होता आणि मधेच थांबून हातमोजे झटकत राहिला.

१५. खातो काय? खिळे आणि दगड पचवतो हे खरं?

मुख्य खाणं लसूणघास, मका, भरडा, आणि क्षार. कोंबडीसारखी गळ्यात पिशवी नसते, पण मागचं आतडं भलतं लांब, तिथे चारा आंबवून पचवतो, म्हणजे पक्षी असून अर्धा गुरासारखा. दगड मुद्दाम गिळतो, ते पोटात जात्यासारखं काम करतात, चारा दळला जातो. खिळे पचत नाहीत, खिळ्याने पोट फाटून मरतो. चकाकणारं काहीही टिपायची खोड आहे, माझ्या शर्टाची दोन बटणं गेलीत. त्यामुळे कुंपणाचं काम झालं की तारेचे तुकडे गोळा करणं हे फार्मवरचं मोठं काम. खर्चातला सगळ्यात मोठा वाटा खाद्याचाच, म्हणून तर आम्ही जगतो.

१६. चावतो का? लाथ मारतो म्हणे. मग पकडता कसं?

चावण्याचं सोडा. लाथ मात्र गंभीर घ्या, पुढच्या बाजूला आणि वरून खाली मारतो, बोटाला जाडजूड नख, माणूस मरू शकतो. हंगामातला नर सगळ्यात वाईट, त्याची चोच आणि पायाची नळी लालभडक झाली की समजायचं. पळून उपयोग नाही, तो ताशी ७० किलोमीटर पळतो. जुने लोक सांगतात की अडकलात तर सपाट पालथं पडा आणि मान झाका, आडव्या माणसाला त्याला नीट लाथ घालता येत नाही, तुडवेल पण पोट फाडणार नाही. शेतकरी आत जाताना काटेरी फांदी नेतात, आपल्या बाभळीच्याच जातीचं झाड इकडे आहे, फांदी त्याच्या डोळ्यांसमोर धरली की मागे सरतो.

पकडायला मोजा. खरंच, पायात घालायचा जुना लांब मोजा. गडी त्याचं बोटांकडचं टोक कापतो, स्वतःच्या हातावर उलटा चढवतो, त्याच हाताने पक्ष्याची चोच धरतो, आणि दुसऱ्या हाताने मोजा सर्रकन पुढे ओढून पक्ष्याच्या डोक्यावर. डोळे झाकले की दीडशे किलोचा राक्षस जागच्या जागी गरीब गाय. श्वासाला चोच मोकळी राहते.

१७. बर्ड फ्लूचा त्रास ह्यांनाही होतो का?

हाच सगळ्यात मोठा त्रास. पक्षी उघड्यावर, पाण्याच्या टाकीवर रानबदकं येतात, तिथून लागण. कोंबड्या पटापट मरतात म्हणून लगेच कळतं, मोठ्या शहामृगाला बऱ्याचदा दिसण्यासारखं काही होत नाही, रक्त तपासल्यावरच सापडतं. २००४ ला ईस्टर्न केपमध्ये झालं, २०११ ला थेट लिटल कारूमध्ये, हजारो पक्षी मारावे लागले आणि युरोपने कच्चं मांस घेणं बंद केलं ते २०१५ पर्यंत. शिजवलेलं मांस तेवढं जात होतं, कारण उष्णतेने विषाणू मरतो. २०१७ ला परत दुसरा प्रकार आला. चार वर्षं मुख्य गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर कितीतरी जणांनी लसूणघास दूधवाल्यांना विकायला सुरुवात केली.

कॅनडाचं विचारणाऱ्यांसाठी: ब्रिटिश कोलंबियातल्या एका फार्मवर डिसेंबर २०२४ ला लागण सापडली, सरकारने सगळे मारा म्हटलं, मालक म्हणाले उरलेले बरे झालेत, त्यांना राहू द्या. प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या दारापर्यंत गेलं, कोर्टाने ऐकायला नकार दिला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तीनशेच्या आसपास पक्षी मारले. मालकांचं दुःख मला समजतं, पण इकडच्या शेतकऱ्यांना विचाराल तर नव्वद टक्के म्हणतील की एकाचे वाचवायला गेलात तर सगळ्यांची निर्यात जाते.

१८. भारतात कधी शहामृग होते का?

होते, आणि तेही आपल्या जळगाव जिल्ह्यात! चाळीसगावजवळ पाटणे इथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याची टरफलं, त्यांचे मणी, आणि रेघा कोरलेला तुकडा सापडलाय, साधारण २५,००० वर्षांपूर्वीचा. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या अशा टरफलांतून डीएनए काढून दाखवलं की तो आफ्रिकेतल्या शहामृगाचाच नातलग. इकडे वेस्टर्न केपमध्ये डीपक्लूफच्या गुहेत तर ६०,००० वर्षांपूर्वीची कोरलेली टरफलं आहेत, आणि इथले आदिवासी सान लोक अंड्याला भोक पाडून पाण्याची बाटली म्हणून वापरायचे. म्हणजे माणसाने ह्या पक्ष्याचा पहिला उपयोग केला तो टरफलाचा, पीस-चामडं फार नंतर.

१९. दादा, पाच एकर आहे, फार्म टाकू का? एक कंपनी पिल्लं देते आणि परत विकत घेते म्हणते.

ह्या एका प्रश्नासाठी हे पान लिहिलं असं समजा, सगळ्यात जास्त वेळा हाच येतो.

आधी इमू आठवा. तेव्हाही हेच बोलले, मांस, तेल, कातडी, पिसं, सगळं विकलं जातं, जोडी घ्या, आम्ही परत घेऊ. जोपर्यंत नवीन माणूस जोडी घेत होता तोपर्यंत जुन्याला पैसे मिळत होते. २०१२ ला तामिळनाडूत पेरुंदुराईला मोठी योजना कोसळली, आपल्याकडेही भाव पडले, खाद्य परवडेना, काहींनी पक्षी रानात सोडून दिले. मग २०१९ ला इस्लामपूरचं कडकनाथ, तोच पाढा, पक्षी फक्त लहान. आणि हे आपलंच दुखणं नाही, अमेरिकेत नव्वदच्या दशकात शहामृगाची पैदाशीची जोडी हजारो डॉलरना विकली जात होती, विकत घेणारा पुढच्या शेतकऱ्यालाच विकायचा, आणि मांस खाणारा कुणी नव्हताच. काही वर्षांत बसलं. माझ्या चुलतभावाने इमूत पैसे घातले होते, त्याच्या गोठ्याच्या मागे अजून ती जाळी गंजत पडलीय, त्यामुळे मी जरा तिखट बोलतो, राग मानू नका.

म्हणून कंपनीवाल्याला विचारा: गेल्या वर्षी किती पक्षी *कापले*? कुठल्या कत्तलखान्यात? कातडी कुठे कमावली, मांस कुणी घेतलं, पावती दाखवा. पिल्लं किती विकली ते नको. पिल्लं विकणाऱ्याचा धंदा वेगळा आणि मांस-चामडं विकणाऱ्याचा वेगळा. औट्सहोर्नला पक्षी विकला जातो कारण तासाभराच्या अंतरात शहामृगाचा कत्तलखाना, कातडी कमावणारे, पिसं निवडणाऱ्या बायका, रोगाची तपासणी करणारे सरकारी डॉक्टर, सगळं शंभर-दीडशे वर्षांत उभं राहिलंय. पाच एकरात पक्षी उभा करता येईल, हे कुठून आणणार? परदेशी पक्षी आणणं आणि पाळणं ह्याच्या परवानग्यांचं काय ते जिल्ह्याच्या पशुसंवर्धन आणि वन खात्याकडून लेखी घ्या, तोंडी नको, आणि कंपनीच्या माणसाकडून तर नकोच.

एवढं करून हौस म्हणून दोन पक्षी पाळायचे असतील तरी कायद्याचं तेवढं बघा, आणि पाच-सहा फुटी जाळी लावा, काटेरी तार नको, कातडी आणि डोळे फाटतात.

२०. शहामृगाचं तेल गुडघ्याला लावतात म्हणे, पाठवाल का?

नाही पाठवणार. चरबीचं तेल निघतं, साबण-क्रीममध्ये वापरतात, त्वचा मऊ होते. गुडघ्याची झीज भरून येते ह्याला मी ऐकलेल्या गप्पांपलीकडे आधार नाही. आईला मी खोबरेल चोळायला सांगतो, चोळण्यानेच बरं वाटतं.

२१. तिकडून चामड्याची पर्स आणली तर कस्टममध्ये पकडतील का? जंगली प्राणी ना तो?

हा जरा किचकट आहे. वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय सायटीस करारात शहामृग आहे, पण सगळा नाही, उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेतल्या ठरावीक देशांतले, नायजेर, चाड, माली, सुदान वगैरे. साऊथ आफ्रिकेतला पक्षी त्या यादीत नाही. म्हणजे औट्सहोर्नची पर्स आणि दुसऱ्या देशाच्या बाजारातली पर्स दिसायला सारखी असली तरी कागदावर वेगळी. दुकानाचं बिल, त्यावर देश आणि 'फार्मचं' असं लिहिलेलं, जवळ ठेवा. ड्युटी वेगळी लागेल ती लागेल. कच्चं मांस, अंडं, बिलटाँग मात्र बॅगेत घालू नका, तो नियम रोगाचा आहे (प्रश्न १७).

२२. पाठीवर बसता येतं का? मुलांना फार हौस आहे.

पूर्वी बसवायचे, शर्यतीही लावायचे. आता औट्सहोर्नच्या बऱ्याच फार्मांनी बंद केलंय, पक्ष्याला त्रास होतो म्हणून, आणि माझ्या मते बरं केलं. मुलांना हातातल्या बादलीतून खाऊ घालायला द्या, तेवढ्यानेच किंचाळतात.

२३. बघायला यायचं तर कधी यावं?

ऑगस्ट ते नोव्हेंबर. अंडीही बघायला मिळतात, पिल्लंही, आणि नराचा नाच, गुडघ्यावर बसून दोन्ही पंख आळीपाळीने झुलवतो आणि गळा फुगवून सिंहासारखा घुमतो, पहाटे लांबून ऐकलं तर दचकायला होतं. केप टाऊनहून गाडीने चारशे-सव्वाचारशे किलोमीटर, जॉर्जहून साठ. जवळच कांगो गुहा आहेत, त्या सोडू नका. चकाकणारी बटणं, गळ्यातली चेन, चष्म्याची साखळी घालून कुंपणाला टेकू नका. आणि नळी लाल दिसली की फोटो बाहेरूनच.